उद्यासाठी राखलेला दम

आई, एक गोष्ट झाली आहे, आणि ती ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. माझं वजन उतरलं. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरीणबाईंनी दम भरला, आणि जन्मभर लिफ्टची वाट बघत उभी राहणारी तुझी ही लेक जिममध्ये जायला लागली, भात निम्मा केला, आणि वर्षभरात हव्या त्या वजनावर येऊन पोचली. ऑफिसात कौतुक झालं, जुन्या साड्यांवरचे ब्लाउज आत घेऊन झाले. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. वजन कसं उतरवायचं हे सांगायला आमचं अख्खं नाहूर तयार असतं, पण उतरल्यावर ते तिथेच ठेवायला किती व्यायाम लागतो, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी थांबलेच नाही. सकाळी जिम, संध्याकाळी अंधेरीहून घरी आले की पर्स टाकून पुन्हा चालायला बाहेर. एक दिवस चुकला तर सगळं परत अंगावर येईल, अशी धास्तीच बसली आहे. गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्यांचं ऐकत नाही. नवरा म्हणतो, "अगं, उतरलं ना वजन? आता कोणाच्या मागे धावतेस?"

परवा रविवारी दादाकडे घाटकोपरला गेलो होतो. वहिनीने तुझ्या पद्धतीने वडे-सागोती केली होती, मसाला अगदी तुझ्या हातचा वाटावा असा. मी सकाळी जास्तीचा व्यायाम करून गेले आणि तरीही ताटात काकडी घेऊन बसले. वहिनी ताटं उचलताना म्हणाली, "आईंची मुलगी ना तू? त्या पोटभर वडे खायच्या, हात धुवायच्या आणि विषय संपवायच्या. तुझा विषय काही संपत नाही बाई." मला राग आला. घरी येताना रिक्षात कळलं की राग वहिनीचा नाही. तुझा आला होता, कारण तुला हे सगळं इतकं सोपं होतं.

सोपं होतं असं मी म्हणते, पण तुझी तर रोजीरोटीच त्यावर होती. बाबांची गिरणी बंद पडली आणि शेजारच्या मावशी तुला स्टुडिओत घेऊन गेल्या. तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं की ही बाई पाठमोरी उभी राहिली तर थेट हिरॉइन वाटते. झालं, तू डुप्लिकेट झालीस. लांबून घ्यायचे शॉट, धावण्याचे, जिन्यावरून उतरण्याचे, पावसात भिजण्याचे. चेहरा तिचा, पाठ तुझी. कपडे तिच्या मापाने शिवलेले असायचे आणि ते तुला बसले तरच काम. चाळीतल्या बायकांना वाटायचं, ही उपाशी राहत असणार. मी मात्र रोज सकाळी बघायचे. तू चहा उकळत ठेवून ओट्याच्या कडेला धरून उठाबशा काढायचीस, मग पाण्याने भरलेल्या कळशा दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचीस, आणि बस सोडून भरभर चालत स्टुडिओ गाठायचीस. एवढंच. जेवायला बसलीस की भाकरी आणि बांगड्याचं तिखलं पोटभर. मी अंथरुणात लोळत फुकटचे सल्ले द्यायचे, "आई, थकली नाहीस अजून, आणखी काढ ना." तू कमरेला पदर खोचून म्हणायचीस, "पुरे गो. आज सगळा करून टाकलंय, तर उद्या कोण करतलो? तुझो बापूस?" बाबा पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "मला यात घेऊ नका."

फक्त एकदा तू तुझा नेम मोडलास. मे महिन्याची सुट्टी होती, मढला एका बंगल्यात शूटिंग होतं आणि तू मला बरोबर नेलंस. हिरॉइन परदेशातून बरीच बारीक होऊन आली होती. प्रॉडक्शनच्या माणसाने तुला आधीच सांगितलं होतं, "बाई, तुम्हीपण उतरवा." म्हणून तू भाकरी सोडलीस, दुपारच्या उन्हात चालायला लागलीस, रात्री जेवणाच्या वेळी पाणी पिऊन आडवी व्हायचीस. तेवढे दिवस घरात तुझा आवाज चढलेला असायचा. त्या दिवशी तू घागरा सावरत जिन्यावरून दोनदा धावत उतरलीस, आणि तिसऱ्यांदा मधेच कठड्याला धरून खाली बसलीस. तोंड पांढरंफटक. मी रडायला लागले. टेलर मास्तरांनी लिंबाचं सरबत आणून दिलं. ते म्हातारे होते, तोंडात कायम टाचण्या. एवढं करूनही चोळीचे हूक लागतच नव्हते, टाचण्या लावून भागवलं होतं. तू सरबत संपवलंस, तोंड पुसलंस आणि शांतपणे म्हणालीस, "मास्तर, शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवलं असेल ना, ते सोडा. माझ्यातून आता आणखी काही निघायचं नाही." प्रॉडक्शनवाला म्हणाला, "मग उद्यापासून दुसरी बघतो." तू म्हणालीस, "बघा." मढहून खाडीच्या बोटीतून परत येताना तू पदराच्या गाठीतले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होतीस, कारण घरात तेव्हा तुझीच कमाई होती. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता आई रागाने ढीगभर उठाबशा काढेल, नाहीतर अंथरुणातून उठणारच नाही. तू उठलीस, चहा ठेवलास, नेहमीएवढ्याच काढल्यास आणि भाकऱ्या थापायला बसलीस. आई, मी तुझ्या खूप गोष्टींवर भाळले आहे, पण त्या सकाळएवढी कशावरच नाही.

पुढे काय झालं ते तुला ठाऊकच आहे, तरी मला सांगायला आवडतं. महिन्या-दोन महिन्यांनी मास्तर स्वतः चाळीत आले. म्हणाले, "हिरॉइनी फुगतात, वाळतात, माझं कापड वाया जातं. मला एक अंग असं पाहिजे जे जागचं हलत नाही." तेव्हापासून त्यांच्या अंधेरीच्या कारखान्यात प्रत्येक नवा पोशाख आधी तुझ्या अंगावर बेतला जायचा, मग जिचा असेल तिच्यासाठी कमीजास्त व्हायचा. किती हिरॉइनी आल्या आणि गेल्या, तुझं माप तेच. चाळीतल्या ज्या बायका तुला उपाशी म्हणायच्या, त्याच विचारायला लागल्या, "काय खातेस गं?" तू सांगायचीस, "जेवते." त्यांना वाटायचं, लपवते आहे.

काल डॉक्टरीणबाईंकडे गुडघे दाखवायला गेले. माझा दिवसभराचा कार्यक्रम ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, वजन टिकवायला सगळ्यांना सारखं लागत नाही. कोणाला रोज अर्धा तास भरभर चालणं पुरतं, माझ्यासारखं उतरवलेलं असेल तर तासाभरापर्यंतही लागतं, शिवाय आठवड्यातून दोनदा थोडी वजनं उचलायची, जेवण नीट ठेवायचं आणि काटा थोडा इकडेतिकडे झाला तर घाबरायचं नाही. मग विचारलं, "तुम्ही आत्ता करता तेवढं पुढची वीस वर्षं करणार आहात का?" मला तुझं "उद्या कोण करतलो?" ऐकू आलं, मी हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, गुडघा दुखला.

आज सकाळी मी अर्धा तास चालून परत फिरले. घरी आले, चहा केला आणि हे लिहायला बसले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. तुझं सगळं जागच्या जागी होतं आई, खाणं, चालणं, वजन, आणि तरीही तो आजार तुला चार महिन्यांत घेऊन गेला. कधीही न हललेलं तुझं ते माप हॉस्पिटलच्या खाटेवर माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेलं. मला वाटत होतं, तू कमी केलंस, मी जास्त करीन, मग मला काही होणार नाही. पण तू आयुष्य वाढवून घ्यायला उठाबशा काढतच नव्हतीस, तुला फक्त दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे आणि त्या दिवसापासून मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी होणार. भीती मला वजनाची नव्हतीच गं, त्या दिवसाची होती.