म्हाळूच्या बेटावर जन्मलेला माणूस

म्हाळूचं बेट (तालुका अद्याप ठरायचा आहे)
१२ एप्रिल २००३

तीर्थस्वरूप पोपटमामांस, भाचा सावळारामचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? मामींचा दमा? दौंडात पाणी दिवसाआड येतं असं ऐकलं. आम्ही इथे चारही बाजूंनी पाण्यात आहोत, पण यंदा ते घोट्याएवढंच आहे. शाळेला रजा टाकून मी आईकडे आलो आहे. आई बरी आहे. तिच्या अकरा शेळ्या तिच्याहून बऱ्या आहेत, त्याचं कारण पुढे येईल. (हे कार्डावर न लिहिता पाकिटात का घातलं, त्याचंही.)

मामा, बेट जाणार आहे. पुराने नव्हे, लिलावाने. भीमेच्या या पात्रातली वाळू उपसायला द्यायचं ठरलंय, आणि सरकारी नकाशात आपल्या बेटाच्या जागी नुसतं पात्र आहे. आई म्हणाली, "मंग मी काय पाण्यात बसलीय व्हय?" बेट कागदावर आणायचंच, असं मी त्या दिवशी ठरवलं. अर्जासोबत जोडायला त्याचा भूगोल आणि इतिहास लिहायला घेतला.

भूगोल असा. उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. हद्द खोल धारेतून जाते, आणि खोल धार दर पावसाळ्यात बाजू बदलते. त्यामुळे आई एका वर्षी शिरूरची असते, पुढच्या वर्षी दौंडची (जागची न हलता). अलीकडची कचेरी म्हणाली पलीकडे जा, पलीकडची म्हणाली अलीकडे. बेटावर सात बाभळी, एक उंबर, आईचं छप्पर आणि तुमच्या वडिलांनी, म्हाळूआबांनी, मांडलेला बिरोबाचा दगड. इतिहास या दगडापासून सुरू होतो. आबा एका उन्हाळ्यात मेंढरं घेऊन इथे उतरले ते उठलेच नाहीत. माझे वडील गेल्यावर आई माहेरी, म्हणजे इथेच परतली, आणि तीही उठलेली नाही.

चूक क्षेत्रफळात झाली. बेट केवढं, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "दाटून बसली तर तीनशे मेंढरं. मोकळी बसली तर अडीचशे." आपल्यात जागा अशीच मोजतात, आणि मी मास्तर असलो तरी म्हाळूआबांचा नातू आहे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तसंच लिहिलं.

अर्ज जनावरांच्या खात्याकडे गेला. पंधरा दिवसांनी डॉक्टर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर बर्फाची पेटी, पेटीत तीनशे मेंढरांची लस.

"आजी, मेंढरं कुठायत?"

"इकून ईस वर्सं झाली. आता आलायसा तर शेरडांना टोचा."

टोचलं. भला माणूस. जाताना शिक्क्यासह दाखला दिला: 'शेळ्या अकरा, राहणार म्हाळूचं बेट.' सरकारी कागदावर या बेटाचं नाव पहिल्यांदा आलं ते असं. शेळ्या रहिवासी ठरल्या. आई नाही (तिचं नाव रेशनकार्डावर माझ्या पत्त्याला आहे, ही माझीच करणी).

दाखला घेऊन मी लिलावाच्या साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी तो दोनदा वाचला. हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, जनावर काय, कुठंही चरतं. माणूस दाखवा. तिथं जन्मलेला. सुनावणी एकवीस तारखेला."

मी म्हणालो, दाखवतो.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या गुडघ्यांना जपा, त्यांचं काम आहे.

तुमचा,
सावळाराम

ता. क. इथे जन्मलेला जिवंत माणूस एकच आहे, तो म्हणजे तुम्ही. श्रावणात दोन्ही धारा भरल्या, सुईण पलीकडे अडकली, आणि अकरा वर्षांच्या आईने मेंढरं भादरायच्या कातरीने तुमची नाळ कापली. लग्न ठरताना तुम्ही मामींच्या घरी 'जन्म रेल्वेच्या दवाखान्यात' असं सांगितलंत आणि चाळीस वर्षं निभावलंत, हे मला माहीत आहे. एकवीस तारखेला ते साहेबांपुढे मोडायचं आहे. स्टँपपेपर मी आणून ठेवला आहे.

आणखी एक. पाकीट मामींनी फोडलं असेल तर, मामी, साष्टांग नमस्कार. मामांना पाठवून द्या.

शेवटचं आई सांगते तसं लिहितो: "पोपट, कातर आजून माझ्यापाशी हाय, साहेबाला दावीन. तू धारंतनं चालत ये, बूट काढून. लाजू नगंस. जलमलास तवाबी अनवाणीच हुतास."