तुझ्या डोक्यातली गाठ

आई, तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तुला पत्र लिहायचं माझ्या कधी मनातच आलं नाही. आता मी तुझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी झाले आहे. तू गेलीस त्या वयाची बाई आज समोर आली तर मी तिला अगं-तुगं करीन. निवृत्त झाले तरी पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत अजून अधूनमधून जाते. माझं काम तुला सांगायचं तर असं : मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं की तिचा एवढासा तुकडा आमच्याकडे येतो. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि त्या पेशींना कान किती आणि कसले आहेत ते बघायचं. कान म्हणजे रिसेप्टर. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात आणि ते ऐकायला त्यांच्या अंगावर हे रिसेप्टर असतात. मी शिकत होते तेव्हा वाटायचं, गाठ बहिरी असते, आपली आपण वाढत सुटते. आता कळलंय की तीही ऐकते. शेजारच्या चांगल्या पेशींचं बोलणं ऐकून काही गाठी वाढतात. कुठले रिसेप्टर किती, यावरून पेशंट किती काळ काढील याचा थोडा अंदाज येतो. थोडाच, पण नातेवाईक तेवढ्यासाठी ताटकळत उभे असतात.

तुझं सुरू झालं ते दुष्काळात, रस्त्याच्या कामावर. जामखेडच्या अलीकडे आपल्या फाट्यावर खडी फोडायचं काम निघालं होतं. मी अकरावीत होते, शाळा नसली की तुझ्या शेजारी येऊन बसायची. हातोडा मध्येच थांबवून तू विचारायचीस, "कुनाची भाकर करपली गं?" आसपास चूल नसायची. मग तुझी नजर एका जागी लागायची, काही चघळत असल्यासारखे ओठ हलायचे आणि तोंडातून न समजणारे शब्द यायचे. एकदा तू खडीवरच आडवी झालीस, हातपाय ताठ, डोळे पांढरे. बायकांनी हातोडे खाली ठेवले. एका म्हातारीने कनवटीची कुंकवाची पुडी काढली, तुझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हात जोडून विचारलं, "आई, पाऊस कवा?" तुझ्या अंगात देवी येते हे गावाने त्या दिवशी ठरवून टाकलं. विहिरी आटलेल्या, तरणी माणसं ऊस तोडायला गेलेली. कुणाला तरी विचारायला हवंच होतं.

मग मंगळवारी-शुक्रवारी बायका आपल्या दारात यायला लागल्या. ओटीला मिलोचे, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीचे, लाल दाणे आणायच्या, कारण दुसरं काही कुणाच्या घरात नव्हतंच. तू हसायचीस. "देवीला दुसरं कुनी घावलं न्हाई व्हय, खडी फोडनारीच्या अंगात शिरली?" मी चिडायची, त्यांना हाकलून दे म्हणायची. तू म्हणायचीस, "इचारून हलक्या पायानं घरला जात्यात. जाऊ दे की." पण रोज सकाळी डोकं गच्च धरून तू परसात ओकायचीस, ते त्यांच्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. मी पाहत होते आणि मला फार भीती वाटत होती.

शेवटी माझ्या वडिलांनी तुला एसटीत घालून नगरला नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि वडिलांना बाहेर नेऊन सांगितलं, डोक्यात गाठ असावी, पुण्याला न्या, वेळ घालवू नका. निघायच्या दिवशी उजाडताच बायका येऊन दारात बसल्या. "पाऊस पडूस्तोवर देवीला शिवंबाहेर न्यायची न्हाई. देवीच्या डोक्याला हत्यार लावता व्हय?" माझे वडील गरीब गाय. गावाच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "पाऊस झाल्यावर जाऊ," म्हणाले.

तू उंबऱ्यात उभी होतीस. अंबाडा सोडलास, केस मोकळे केलेस, मांडी घालून बसलीस आणि घुमायला लागलीस. "हे झाड माझं हाय," तू जाड आवाजात म्हणालीस. अंगात येणारी देवी त्या माणसाला झाडच म्हणते. "झाडाला कीड लागली. पुन्याला न्या. आडवं येईल त्याला मी बघून घेईन." बायका पटापट पाया पडल्या आणि वाट मोकळी झाली. मला मात्र आत लख्ख कळलं होतं. खऱ्या झटक्यात तू कधी अशी घुमली नव्हतीस, आणि झटक्यानंतर बराच वेळ तुला माझी ओळखही पटायची नाही. त्या दिवशी तू घुमता घुमता पायाने पिशवी माझ्याकडे सरकवलीस.

पुण्याच्या इस्पितळात न्हाव्याने तुझं डोकं भादरलं, त्या दुपारी मी तुला विचारलं, "खोटं होतं ना ते?" तू डोक्यावरचा पदर नीट केलास. "व्हय," म्हणालीस. "समद्याजनी पावसाचं इचारत हुत्या. 'तुला जगायचंय का', आसं मला कुनी इचारलंच न्हाई. मंग म्याच सांगितलं."

गाठ पुरती निघाली नाही. तू घरी आलीस, थोडे दिवस बरे गेले, मग तो करपल्याचा वास परत यायला लागला आणि पाऊस यायच्या आत तू गेलीस. त्या बायका ऊर बडवून रडल्या. मी त्यांच्यावर पुष्कळ वर्षं राग धरला होता. आता धरत नाही. माझ्याकडे येणारे लोकही त्यांच्यासारखेच विचारतात आणि मीही अर्धवट कळणाऱ्या गोष्टीवरूनच उत्तर देते. फरक एवढाच की मी माझी खात्री किती आहे तेही सांगते.

गेल्या महिन्यात त्या इस्पितळाच्या जुन्या खोलीत मेणाचे ठोकळे सापडले. तेव्हाच्या ऑपरेशनांतले गाठींचे तुकडे त्यांत तसेच आहेत. मेणात राहिलेला तुकडा इतक्या वर्षांनीही रंगवता येतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या आईंचं ऑपरेशन तिथेच झालं होतं ना? शोधू का?" नको म्हणाले आणि विषय बदलला. नको का म्हणाले हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागद तरी कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून इथेच लिहिते. त्या ठोकळ्यात दिसलं की पहिल्यापासूनच काही उपाय नव्हता, तर तू उंबऱ्यात बसून जे केलंस ते वाया गेलं असं होईल. इतरांचे अंदाज मी आयुष्यभर काढले. तुझा काढायची मला भीती वाटते.