एकतीस नंबरचा सांधा

१४ ऑक्टोबर
गेलं एकदाचं पाण्यात! आम्ही वेल्डिंगवाल्या बायांनी सव्वीस दिवसांत उभं केलेलं मालवाहू जहाज. आमच्या गोदीत त्याला नुसतं 'एकतीस नंबर' म्हणतात. मुकादम घसा फाडून ओरडत होते, "बायांनो, लढाई तुमच्या हातांवर चाललीय!" टाळ्या वाजवून तळवे लाल झाले. हे सुटीवर आहेत, तेही बघायला आलेले. म्हणाले, "सदऱ्याला बटण लावायला आठ दिवस लावतेस, आणि हे एवढं धूड शिवलंस?" सगळ्यांसमोर! चावटपणा नुसता.

२९ ऑक्टोबर
यांना हुकूम आला. इंजिनखान्यात तेलवाला. जहाज — एकतीस नंबर.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, सुनेच्या हातचं आहे." मी तोंडदेखलं हसले. काय करणार!

३० ऑक्टोबर
कुणाला सांगू? वहीलाच सांगते.

हे सात महिन्यांनी घरी यायचे होते तो दिवस. माझ्याकडे तळाचा सांधा होता, पाण्याखाली जाणारा. दोन पत्र्यांमधली फट फार रुंद. नीट भरायची तर थरावर थर, तीन तास तरी हवेत. आणि काम सुटायच्या भोंग्याला उरलेला एक तास. मी फटीत वेल्डिंगच्या कांड्याच आडव्या कोंबल्या आणि वरून एक थर ओढला. वरून साय, खाली पाणी! चार हात लांब. तपासणाऱ्याने वरवर बघितलं, खडूने खूण केली. मी पळत सुटले — केस विंचरायचे होते ना मला! जोडे मारावेत अशी अक्कल माझी.

६ नोव्हेंबर
बत्तीस नंबरही पाण्यात. वीस दिवसांत! मुकादमांची फुगलेली छाती बघवत नाही.

११ नोव्हेंबर
डबा खाताना शिडीने बातमी आणली. शिडी म्हणजे माझ्या शेजारी काम करणारी — ताडमाड उंच, म्हणून शिडी. कुठल्याशा दुसऱ्या गोदीतलं जहाज थंडीत धक्क्यालाच उभं असताना मधोमध फुटलं म्हणे. बॉम्ब नाही, वादळ नाही. तोफेसारखा आवाज झाला आणि दोन तुकडे. "एक सांधा उकलला, मग पत्रा फाटतच गेला," शिडी सांगत होती आणि मजेत खात होती. मी डबा झाकून ठेवला.

एकतीस उत्तरेला जाणार आहे. बर्फाच्या पाण्यात.

१९ नोव्हेंबर
चार दिवस माल भरताहेत. पिठाची पोती, यंत्रांची खोकी, डेकवर ट्रक. जहाज रोज थोडं खाली बसतं. मी माझ्या सांध्यावर किती पाणी चढलं असेल त्याचा हिशोब करत बसते.

संध्याकाळी धीर केला. म्हटलं, "ऐका ना, एक सांगायचंय." हे बॅग भरत होते. म्हणाले, "परत आल्यावर सांग. म्हणजे ते ऐकायला तरी मला यावं लागेल." आणि मी गप्प बसले! कशी बसले? माझ्याशी तोंड फिरवून जातील, या भीतीने. दुसरं काही नाही.

२२ नोव्हेंबर
गेले.

२४ नोव्हेंबर
मुकादमांना सांगितलं. एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. जहाजांचा काफिला जमेपर्यंत ते खालच्या बंदरात उभं राहणार, मग जाईल, येईल. तू तुझं काम कर."

म्हणजे अजून निघालेलं नाही. अजून वेळ आहे!

२५ नोव्हेंबर
सरकारी तपासनिसाच्या कचेरीत गेले. सगळं सांगितलं, सही केली. त्यांनी चष्मा काढला. "शिक्षा होऊ शकते, ठाऊक आहे?"

म्हटलं, "होऊ द्या. आधी जहाज थांबवा."

२ डिसेंबर
थांबवलं! थांबवलं! सांधा खरवडला, माझ्या कांड्या जशाच्या तशा निघाल्या. एकतीस आता महिनाभर कोरड्या गोदीत, दुरुस्तीला.

मला कामावरून काढलं. चौकशी व्हायची आहे. गोदीच्या दारावर मुकादम आडवे आले. "तू एकटीच पापी होय गं? बत्तीस वीस दिवसांत झालं, ते काय मंत्र म्हणून?" मी शिडीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

परत कचेरीत जायला हवं होतं, बत्तीसचंही सांगायला. दोन गल्ल्यांवर तर होती. पण शिडीला दोन पोरी, नवरा लढाईवर गेलेला परत आला नाही. तिची भाकरी मी काढून घेऊ? आणि खरं लिहायचं तर — माझा माणूस वाचला होता. बाकीच्यांचं बाकीचे बघतील, असंच आलं मनात. घरी आले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

८ डिसेंबर
हे अजून कसे आले नाहीत? जहाजच अडकलं तर खलाशी बंदरात बसून काय करणार! सासूबाईंनी खोली झाडून ठेवलीय, पाऊल वाजलं की दाराकडे बघतात. मीही.

१३ डिसेंबर
यांचं पत्र.

"तुझं जहाज आजारी पडलं, आमची वाटणी झाली. ज्या जहाजांना माणसं कमी त्यांना आम्ही. मला बत्तीस मिळालं, पहिल्यापेक्षा चकचकीत आहे. उद्या पहाटे काफिला निघतो. ते तुझं सांगायचं राहिलेलं विसरू नकोस."

वर तारीख पाच डिसेंबरची.

सासूबाई विचारताहेत, काय लिहिलंय गं.