घासलेला दगड

प्रिय सृष्टी,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून कागद घेतला. तुझी आई म्हणाली, तुमी केलंय, तुमीच सांगा.

माझे आजोबा निजामाच्या काळात परभणीच्या छापखान्यात दगडावर उलटी अक्षरं लिहायचे. त्यांच्या हातचा एकच दगड आपल्या कोठीमागे पडून होता, त्यावर दोन मोर आणि खाली कुणाची तरी लग्नपत्रिका. तुला तो सापडला आणि तू वेडीच झालीस. जर्मनीहून जहाजाने आलेला दगड, म्हणालीस. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे असल्याच दगडांवर तेलकट शाईने चित्रं काढायचे, कोरायचं काहीच नाही. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की रेघ तेवढी शाई धरते, बाकी दगड धरत नाही. पॅरिसच्या भिंतींवरची रंगीत चित्रं अशीच छापली, म्हणे. मी हुं हुं करत पेपर वाचत होतो. पुढे तू हैदराबादला हीच छपाई शिकायला गेलीस, आणि तुझ्या चुलतभावाच्या, नागनाथच्या लग्नात मी सोयऱ्यांसमोर म्हणालो, आमची पोरगी हैदराबादेत दगडं घासायला शिकायलीय. सगळे हसले. तू ताटावरून उठलीस, ती पुन्हा घरी आली नाहीस.

परवा तुझा फोन आला, रविवारी येते, दगडाचा कागदावर ठसा घ्यायचाय. मला काय करू नि काय नको असं झालं. दगड कळकट दिसत होता. टेम्पोत घालून देवगाव फाट्यावर फरशीला पॉलिश करणाऱ्याकडे नेला. तो बिचारा म्हणाला, अण्णा, वरचं समदं जाईल बरं का. मला वाटलं, चारठाण्याच्या देवळातल्यासारखं कोरीव काम असणार, घासलं की उजळेल. दगडातलं कुठं जातंय, घास, म्हणालो ऐटीत. चकचकीत दगड घरी आणला, तर तुझ्या आईने विचारलं, मोर कुठंयत?

रेघ नुसती वर बसते, हे तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं. पाणी लावून, उन्हात धरून पाहिलं, एक पीससुद्धा दिसलं नाही. फार लाज वाटते गं. तुला नावं ठेवली आणि घासून बसलो मी.

तू दगडासाठी येणार होतीस, माझ्यासाठी नाही, हे मला कळतं. गप्प बसलो असतो तर रविवारी निदान दारापर्यंत आली असतीस. तो मोहही झाला. पण तुला फसवायचं नाही. दगड कोरा आहे. घरात आता तुझी आई आणि मी, एवढेच आहोत. तरी येशील का?

तुझाच,
अण्णा