गोराईच्या कोंबड्या कशाने मेल्या

मुलुंड, रविवार

प्रिय ब्रिजेट,

तुझ्या तीन मेसेजना मी उत्तर दिलं नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. फोन हातात घ्यायचे, तुझं नाव बघायचे आणि ठेवून द्यायचे. आई दोनदा म्हणाली, "ब्रिजेटशी भांडलीस का गं?" भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

बोरिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडूक बघून मी घाबरायचे आणि माझा बेडूक तू कापून द्यायचीस, आठवतं? पुढे मी पवईच्या या कोंबडीखाद्याच्या कंपनीत लागले आणि तू गोराईत तुझ्या पप्पांबरोबर, इसिडोर अंकलबरोबर, कोंबड्यांची शेड सांभाळू लागलीस. आमची आंबवलेली सोयापेंड कुठल्या तरी खऱ्या शेडमध्ये वापरून बघायचं ठरलं, तेव्हा मी लगेच तुझं नाव दिलं. तू पोटभर हसली होतीस. "आमचं अख्खं गाव सुकी मासळी विकतं आणि तू माझ्या कोंबड्यांना माशाच्या कुटीऐवजी सोया खायला घालणार?" तरी हो म्हणालीस. मी विचारलं म्हणून.

पहिली खेप किती छान झाली! पेंड आंबवली की कोंबडीला ती नीट पचते, एवढंच मी तुला सांगितलं होतं. बाकीचं तू स्वतःच बघितलंस. विष्ठा कोरडी, शेडला वास नाही, पस्तिसाव्या दिवशी कोंबड्या भरदार. अंकलनी मला एक कोंबडी शिजवून खाऊ घातली आणि विचारलं, "बघ, मासळीचा वास येतो का?" अजिबात येत नव्हता. म्हणून तर दुसऱ्या खेपेला तू म्हणालीस, अर्ध्यांना कशाला, तीनशेच्या तीनशे पिल्लांना तुझंच खाद्य दे.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. कांजूरमार्गच्या आमच्या गाळ्यात त्या आठवड्यात ड्रायर बिघडला होता. पेंड नीट वाळलीच नाही आणि तशीच पोत्यांत भरून चार दिवस पडून राहिली. मी पोतं उघडलं. चांगल्या पेंडीला इडलीच्या पिठासारखा आंबूस वास असतो, हिला कोंदट, बुरशीचा वास येत होता. आत हिरवट गठ्ठे होते. मी सुयोगला, माझ्या साहेबाला, दाखवलं. तो म्हणाला, "वरचे गठ्ठे काढ, बाकीचं चाळून घे. तारीख चुकली तर ट्रायलची वाट लागेल." मी नाही म्हणायला हवं होतं. नोकरीला जेमतेम आठ महिने झाले होते, हे काही कारण नाही. मी हातमोजे घातले, गठ्ठे फोडले, चाळले आणि खाडीच्या बोटीत पोती मीच चढवून दिली. तू पलीकडे उभी राहून हात हलवत होतीस.

सोळाव्या दिवशी तुझा फोन आला, पिल्लं पंख फुगवून बसलीत, खात नाहीत. मी आले तेव्हा साठ मेली होती, मग आकडा दोनशेच्या वर गेला. मी दोन पिल्लं कापली. यकृत पिवळं पडलं होतं. तेव्हाच कळलं मला, ब्रिजेट. खाद्याचा नमुना मी प्रयोगशाळेत दिला, तिथला कागद आठ दिवसांनी आला, खाद्यात बुरशीचं विष. तो मी खणात ठेवला आणि अहवालात लिहिलं, 'शेडमधली पाण्याची भांडी अस्वच्छ.' सुयोगने ते वाचून नुसती मान डोलावली.

तो अहवाल तुला दिला त्या दिवशी अंकल शेडच्या दारात बसले होते. भांडी धुण्याचं काम त्यांचं, हे मला माहीत होतं. ते काठी टेकत उठले आणि माझ्यासमोर हात जोडले. "पोरी, माझी नजर गेली गो आता. भांडी नीट धुतली नसतील मी. तुझं काम बिघडवलं. माफ कर." आणि मी काय केलं? "असू द्या अंकल," म्हणाले. त्यांनी मागितलेली माफी मी चक्क घेतली, आणि वर तुझ्या हातचा चहा पिऊन घरी आले.

तुझा शेवटचा मेसेज शुक्रवारी आला. पप्पा शेडकडे फिरकत नाहीत, जेवताना मध्येच थांबून विचारतात, भांडी खरंच घाण होती का गं, असं तू लिहिलंस. काल मी ऑफिसात सगळं लेखी दिलं, सुयोगचं नाव आणि माझंही. नोकरी राहील असं वाटत नाही. प्रयोगशाळेच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे, ती गावात ज्याला दाखवायची त्याला दाखव. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तो विषय तुझा. पण एक काम कर. हे पत्र हातात पडेल तेव्हा अंकलना समोर बसव आणि मोठ्याने वाच, माझं नाव न वगळता. त्यांना सांग, भांडी स्वच्छ होती. पिल्लं कापली त्या दिवशी मी स्वतः बघितली होती.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
दीप्ती