पेस, स्टेप आणि माझी नोकरी

सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेतून कळ आली. कारण पुढे येतंय.) तुझी सर्दी गेली का? भावोजी बरे आहेत ना? इकडे सगळे ठणठणीत, मी सोडून.

तुला माहीतच आहे, स्टुडिओत नाटकांचं ध्वनिमुद्रण चालतं आणि पावलांचे आवाज काढणं हे माझं काम. नट माइकसमोर उभे राहून बोलतात, त्यांच्या वतीनं मी फळीवर, फरशीवर, वाळूत चालतो. वीस वर्षं ‘तरातरा जा’, ‘रमतगमत ये’ एवढ्यावर भागलं. आता नव्या दिग्दर्शकबाई आल्यात. त्या इंग्रजीत चिठ्ठ्या देतात आणि जमलं नाही तर पावलं कॉम्प्युटरमधून घेऊ, असं गोड हसून सांगतात. माझी तर पाचावर धारण बसली!

बरं, त्या भाषेत चालीच्या एकेका शब्दाची सोयरीक आधीच ठरलेली. ब्रिस्क (म्हणजे झपझप) आला की मागून पेस (म्हणजे चालीचा वेग) आलाच. शेवटी लक्षात राहावं म्हणून मी प्रत्येक चालीला ओळखीचं माणूस नेमून टाकलं. ब्रिस्क पेस म्हणजे बस गाठायला निघालेली तुझी भावजय. हेवी फूटस्टेप्स म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक (ते चालले की आमचे कप किणकिणतात). हेजिटंट स्टेप्स म्हणजे लग्नाचं विचारायला आलेले भावोजी. दारापर्यंत येऊन दोनदा माघारी फिरले होते, आठवतं ना?

कालच्या चाचणीत ब्रेकनेक स्पीडनं मात्र घात केला. मान मोडेल असा सुसाट वेग! फळीवरून सुटलो तो थेट खलनायकाच्या अंगावर. तो माइकवर कोसळला, नायिका किंचाळली आणि काचेपलीकडून बाई टाळ्या पिटत ओरडल्या, "हेच हवं होतं, ठेवा!" मान शाबूत राहिली, कंबर गेली. पण ताई, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे भावजयीला कळू देऊ नकोस.)

भाचीला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं वाचून मी पास झालो असं वाटेल. एक चाल राहिलीय, फ्युरियस पेस. नायिका रागानं तणतणत घराबाहेर पडते. भावजयीच्या सँडल घालून चाललो, तर बाई म्हणाल्या, "ही रागावलेली नाही, लंगडतेय." मंगळवारी पुन्हा चाचणी आहे. नोकरी राहणार की जाणार, ते त्यावरच.

आणखी ता. क. तणतणत चालावं तर तूच. सोमवारच्या गाडीनं ये, तुझी चाल बघून मंगळवारी तशीच चालेन. फक्त निघताना भावोजींशी कडाकडा भांडून ये. त्यांना मी वेगळं पत्र टाकलंय आणि ते आनंदानं तयार होतील. भांडण ते काढतील, तू फक्त मिटवू नकोस.