कागदावरचं ‘नाही’

गुरुवार, संध्याकाळ. तिसगाव.

तुरुंगात सुनीलला भेटून आले, तेव्हापासून डोकं फिरलंय. जाळीपलीकडे माझा सख्खा भाऊ थरथरत उभा होता. दहा दिवस डोळ्याला डोळा नाही. म्हणाला, “ताई, जगावंच वाटत न्हाई गं आता.” शेजारचा हवालदार हसला. “नशेडी हाय ओ बाई. गोळ्या बंद झाल्या म्हून नाटकं करतोय.”

नाटकं?

तडक जेलरकडे गेले. म्हटलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, याच्यावर लक्ष ठेवा, हा जिवाचं बरंवाईट करून घेईल. त्यांनी फाइल काढली आणि आत आणलं त्या दिवशीचा तपासणीचा कागद माझ्यापुढे धरला. व्यसन: नाही. “व्यसनच नाही, तर उपचार कसला करायचा?”

म्हणजे हसायला तो नशेडी आणि औषध मागितलं की निर्व्यसनी! लाज कशी वाटत नाही?

पण ते ‘नाही’ लिहिलं गेलं कसं? वकील म्हणाले होते, नशेचं निघालं तर जामीन अवघड होईल. मग कोर्टाच्या आवारात मीच त्याच्या कानात सांगितलं, “डॉक्टरनं विचारलं तर नाही म्हण.”

अर्ज लिहून ठेवलाय. माझा भाऊ नशेच्या गोळ्या खात होता, हे मी, त्याची बहीण, लिहून देते. जामीन गेला उडत. उद्या शाळेत रजा टाकून पहिल्या एसटीनं जाणार, पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

गोळ्या सोड म्हणून तीन वर्षं घसा फोडला, तेव्हा एकदाही ऐकलं नाही. हे मात्र लगेच ऐकलं.